सायकिअ‍ॅट्रीची पोस्टिंग आणि कलंक : पार्श्वभूमी

मानसिक आजाराविषयीचा कलंक भावी डॉक्टरांच्या मनातही असतो आणि तो टिकवण्यात शिक्षणाच्या रचनेचा वाटा मोठा आहे. मनोरुग्णांविषयीच्या १९१२च्या इंडियन लूनसी अ‍ॅक्टचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथली मनोरुग्णालयंही सामान्य रुग्णालयांपासून वेगळी, स्वतःच्या आवारात उभी राहिली. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा ऐकूनच मुलं मेडिकलला येतात.

वैद्यकीय शिक्षणाच्या १९९७च्या नियमांत एमबीबीएसला मानसोपचाराची पोस्टिंग (विभागात प्रत्यक्ष रुग्ण पाहून शिकायचा काळ) जेमतेम २ आठवडे होती. इंटर्नशिपमध्ये विषय ऐच्छिक. स्वतंत्र परीक्षा नाही, प्रश्न मेडिसिनच्या पेपरात. म्हणजे ऑप्शनला टाकायची सोयच! (नर्सिंगमध्ये हा वेगळ्या परीक्षेचा विषय आहे.) २०१९च्या अभ्यासक्रमाने पोस्टिंग वाढवली, इंटर्नशिपमधले २ आठवडेही आता सक्तीचे आहेत. परीक्षेतलं स्थान मात्र तेच राहिलं.

तास वाढले की कलंक घटतो, हे गृहीतकही कच्चंच. अमेरिकेतल्या १९९६ आणि २००६च्या पाहण्यांत ‘हा मेंदूचा आजार आहे’ असं मानणारे वाढले, पण अशा माणसाला शेजारी किंवा सहकारी म्हणून स्वीकारायची तयारी वाढली नाही. २०१२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी कलंक कमी करण्याच्या प्रयत्नांवरचे ७२ अभ्यास एकत्र तपासले. प्रौढांच्या बाबतीत नुसत्या माहितीपेक्षा आजार झालेल्या माणसाशी प्रत्यक्ष संपर्क अधिक उपयोगी ठरला.

वॉर्डात संपर्क होतो, पण चुकीचा. आजार भरात असलेला एक रुग्ण, भोवती पंधरा-वीस विद्यार्थी, ‘भास होतात का?’ वगैरे प्रश्न आणि पुढची केस. तोच माणूस बरा होऊन कामावर गेलेला कुणी पाहत नाही. म्हणून भरतीच्या वेळी पाहिलेला रुग्ण त्याच विद्यार्थ्याला फॉलो-अप ओपीडीत पुन्हा भेटवावा. सावरलेली व्यक्ती वक्ता म्हणून बोलवावी, मानधन द्यावं, निम्मा वेळ प्रश्नोत्तरांना ठेवावा. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची छातीदुखी ‘मनाचं आहे’ म्हणून ईसीजीशिवाय परत पाठवली जाते, ही चूकही केस म्हणून शिकवावी.

कलंक किती घटला याच्या मोजमापासाठी कॅनडात तयार झालेली, आरोग्यसेवकांसाठीची प्रश्नावली आहे. ती सत्राआधी, लगेच नंतर आणि ३ महिन्यांनी भरून घ्यावी, कारण सत्रानंतरचा उत्साह लवकर ओसरतो. विद्यार्थ्यांसाठीची समुपदेशन सेवा, त्यांना गुण देणाऱ्या शिक्षकांकडे मात्र अजिबात नसावी. तशी असली तर तिथे कुणी फिरकत नाही.