सुप्तीभंग (फळझाडांचे डोळे)

विश्रांतीतला डोळा (फांदीवरचा अंकुर) फुगून फुटेपर्यंत त्याच्या चयापचयात होणारे बदल. डोळा फुगलेला दिसतो तोवर यातील बरेचसे काम आत उरकलेले असते.

लँग व सहकाऱ्यांनी 1987 मध्ये सुप्तीचे तीन प्रकार मांडले: शेंडा किंवा पान डोळ्याला दाबून ठेवते ती परासुप्ती, कारण डोळ्याच्या आतच असते ती अंतःसुप्ती आणि हवामानामुळे येते ती परिसुप्ती. सफरचंद, पीच यांची अंतःसुप्ती थंडीने फिटते. खानदेशात थंडीच्या लाटेत पहाटे पारा 10 अंश सेल्सिअसखाली उतरतो, पण दुपारी ऊन तापते आणि लागणारे शेकडो शीततास (ठरावीक तापमानाखालचे थंडीचे तास) भरत नाहीत. इथल्या लिंबू, मोसंबी व सीताफळाच्या विश्रांतीला काय म्हणावे याबद्दल एकमत नाही. लिंबू-मोसंबी पाण्याचा ताण तोडताच, म्हणजे बंद केलेले पाणी पुन्हा देताच, फुटतात, म्हणून त्यांची सुप्ती परिसुप्तीच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सातपुड्याच्या पायथ्याच्या सीताफळात डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान गळेपर्यंत तो बाहेर येत नाही, म्हणून तिथे परासुप्तीचा अंश धरावा लागतो.

सुप्ती सुटताना ॲब्सिसिक आम्ल हे वाढ रोखणारे संप्रेरक घटते. पेशींमधील सूक्ष्म वाटा बुजवणारे कॅलोज ग्लुकानेज विकरांनी विरघळते, स्टार्चची साखर होते, बांधलेले पाणी मोकळे होते आणि श्वसन वाढते. द्राक्षात डोळे फोडण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावल्यावर कॅटालेज विकर मंदावते व डोळ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड साचते. हे साचणे फुटीचे कारण की नुसती सोबतची खूण, हा वाद मिटलेला नाही. पेंटोज फॉस्फेट मार्गाला (साखर मोडण्याची एक पर्यायी वाट) मिळणारी चालना व किण्वनाची (ऑक्सिजनविना साखर मोडण्याची) वाढ पाहता कारणाची बाजू वजनदार ठरते, पण ती द्राक्षापुरतीच. हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे. हातमोजे हवेतच, शिवाय ते हाताळण्याच्या आगेमागे मद्य घेणे धोक्याचे असते, कारण शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचते.

लिंबू-मोसंबीच्या आंबे बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांसाठी) डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत महिना-दीड महिना लागतो. पाने मलूल होऊन काही गळाली की चाळणी (झाडाभोवतीची हलकी खोदणी) करून खत देतात. मग आंबवणी (पहिले पाणी) हलकी, चिंबवणी (दुसरे पाणी) थोडी जास्त, त्यापुढे नेहमीच्या पाळ्या. पहिलेच पाणी भरपूर दिले तर फुलगळ होते. ताण अति झाला तर काड्यांतला साठा संपून शेंडे वाळतात, अपुरा राहिला तर फुलांऐवजी पालवीच येते. जानेवारीतल्या अवकाळी पावसानेही ताण अर्ध्यावर मोडतो व बहार विखुरलेला निघतो.