काकवीच्या मुलखात मेपल सिरप

होटगी रस्त्यावर बेकरी चालवणाऱ्या एका परिचितांनी मागच्या हिवाळ्यात माझ्यासमोर दोन वाट्या ठेवल्या. एकीत माळशिरसकडच्या गुऱ्हाळातली काकवी होती, दुसरीत कॅनडाहून आलेले शुद्ध मेपल सिरप. रंग जवळपास सारखाच. पण काकवी चमच्याला धरून राहत होती आणि सिरप भरभर ओघळत होते. पुण्या-मुंबईची गिऱ्हाईके अलीकडे बिस्किटांच्या पाकिटावर ‘मेपल’ हा शब्द शोधतात, म्हणून त्यांनी ती बाटली मागवली होती. ‘काकवीच्या कित्येक पट भाव मोजून हे घ्यावं, असं ह्यात आहे तरी काय?’ असा त्यांचा सरळ प्रश्न होता. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत ज्याची गणना होते, त्या सोलापुरात हा प्रश्न कोणालाही पडावा.

मेपल सिरप हा एका झाडाचा आटवलेला रस आहे. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील शुगर मेपल या वृक्षाच्या खोडात हिवाळा सरताना, साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात, चार-पाच सेंटिमीटर खोल भोक पाडून त्यात तोटी बसवतात. रस वाहण्यासाठी रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर जावे लागते. बहुतेक झाडांच्या खोडातील तंतुपेशी पाण्याने भरलेल्या असतात. मेपलच्या तंतुपेशींत मात्र वायू असतो. रात्रीच्या गारठ्यात हा वायू आकसतो, काही रसात विरघळतो, पेशींत बर्फ साचू लागतो आणि या ओढीने मुळांकडून पाणी वर खेचले जाते. सकाळी ऊन पडले की बर्फ वितळतो, दबलेला वायू प्रसरण पावतो आणि रसाला तोटीतून बाहेर ढकलतो. म्हणजे सोलापुरात कोणी हौसेने मेपल लावला आणि तो कसाबसा जगलाच, तरी ज्या गावात पाणी रात्री कधी गोठत नाही तिथे त्याची तोटी वाहणार नाही.

हा रस चवीला पाण्यासारखाच असतो, कारण त्यात साखर जेमतेम २ टक्के असते. उसाच्या रसात ती १८ ते २० टक्के असते, आणि किमतीतील फरकाचे मूळ बरेचसे इथेच आहे. सिरपमध्ये सुमारे ६६ टक्के साखर लागते. म्हणजे एक किलो सिरपसाठी ३३ किलो रस घेऊन त्यातील ३२ किलो पाणी उडवायचे. उसाच्या २० टक्क्यांच्या रसापासून तितकाच दाट पाक करायला ३.३ किलो रस पुरतो. गोठणबिंदूजवळचा मेपलचा रस उकळीपर्यंत तापवून एवढी वाफ करायला लागणारी उष्णता मोजली, तर घरगुती १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरवर, थोडीही उष्णता वाया गेली नाही असे मानूनही, साधारण साडेसात किलो सिरप तयार होईल. १९७० च्या दशकापासून तिकडचे उत्पादक पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील उलट परासरण हेच तत्त्व वापरून बरेचसे पाणी आधीच गाळून घेऊ लागले. रस २ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर नेला की तीन चतुर्थांश पाणी जाळाशिवायच निघून जाते. तरीही शेवटी जाळ लागतोच, कारण चव जाळावरच तयार होते.

ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला पुढची कृती परकी वाटणार नाही. आपल्याकडे गुळव्या काहिलीतला रस उतू जाऊ लागला की त्यावर तेलाचा शिडकावा करतो. तिकडे त्याच कामी लोण्याचा किंवा तेलाचा थेंब टाकतात. दोन्हीकडे रसायनशास्त्र एकच आहे: स्निग्धांश फेसाच्या पातळ पडद्यांत शिरतो आणि ते फुटतात. आपल्याकडे भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणून काढतात. मेपलमध्ये आटवताना खनिजांचे, मुख्यतः कॅल्शियम मॅलेटचे, बारीक वाळूसारखे कण तयार होतात आणि ते गाळून काढावे लागतात. पाक झाला की नाही हे गुळव्या थेंब पाण्यात टाकून आणि नजरेने ठरवतो, तर तिकडे तापमान पाहतात: उकळत्या पाण्यापेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस वर गेले की सिरप तयार. ६६ टक्क्यांचा आकडाही उगाच ठरलेला नाही. साध्या तापमानाला पाण्यात साखर साधारण ६७ टक्क्यांपर्यंतच विरघळून राहते. त्याच्या वर गेले तर तळाशी खडे जमतात, बरेच खाली राहिले तर पाक आंबतो.

आता चवीकडे. मेपल सिरपमधील साखर जवळजवळ सगळी सुक्रोज, म्हणजे आपल्या कारखान्यातल्या पोत्यात असते तीच आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज थोडे असतात. फरक पडतो तो उरलेल्या अगदी थोड्या भागाने. रसातील अमिनो आम्ले आणि साखरेचे हे थोडे अंश उकळताना एकमेकांवर क्रिया करतात, ज्वारीची भाकरी तव्यावर खरपूस होते त्याच जातीची क्रिया, आणि त्यातून भाजक्या वासाची पायराझिने तयार होतात. शिवाय व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिनही त्यात असते. हंगाम सरत जातो तसे रसातील जिवाणू सुक्रोज फोडतात, ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी क्रियाशील साखर वाढते आणि सिरप गडद होते. सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद अशा चार प्रती ५६० नॅनोमीटर तरंगलांबीचा किती प्रकाश सिरपमधून पार जातो यावर ठरतात: ७५ टक्के किंवा अधिक तर सोनेरी, २५ टक्क्यांहून कमी तर अतिगडद. व्यावसायिकाला हे फार उपयोगाचे आहे, कारण प्रत सांगून मागवलेल्या डब्याचा रंग कसा असेल हे आधीच कळते. काकवीच्या बाबतीत असा भरवसा, निदान मला तरी, आजवर मिळालेला नाही.

नकली मेपल स्वादाचे एक मूळ आपल्या स्वयंपाकघरात आहे, ते मेथीदाण्यात. मेथीचा ओळखीचा वास ज्या सोटोलोन नावाच्या रेणूमुळे येतो, तो अत्यल्प प्रमाणातही मेपलसारखा भासतो, म्हणून मेथीचा अर्क स्वादाच्या कारखान्यांत वापरला जातो. २००५ पासून न्यूयॉर्क शहरावर अधूनमधून मेपल सिरपचा वास पसरायचा. २००९ मध्ये त्याचा उगम शेजारच्या न्यू जर्सीतील मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात सापडला. बाळंतिणीला मेथीचे लाडू घालणाऱ्या घरांना तो वास कदाचित तेव्हाच ओळखता आला असता.

खाद्यउद्योगाला हे सिरप मोलाचे वाटण्याची पहिली कारणे तांत्रिक आहेत. ते वनस्पतिजन्य आहे, त्यामुळे मध न खाणाऱ्यांनाही चालते. घटकांच्या यादीत एकच नाव लिहावे लागते. मधात फ्रुक्टोज भरपूर असल्याने तो हवेतील ओलावा ओढतो आणि बिस्किट लवकर मऊ पडते. सुक्रोजप्रधान मेपलचे आवरण त्या मानाने कुरकुरीत राहते. मात्र त्यात सुमारे एक तृतीयांश पाणी असल्याने कृतीतील दूध-पाणी तितके कमी करावे लागते. नानकटाईत तर ते जमतच नाही, कारण तिथला खुसखुशीतपणा तूप आणि साखरेचे कण एकत्र फेसल्याने येतो, आणि इथे फेसायला कणच नाहीत.

आरोग्याच्या दाव्यांबद्दल मी जरा कडक आहे. १०० ग्रॅम सिरपमध्ये सुमारे २६० किलोकॅलरी असतात, साखरेत जवळजवळ ४००. ही घट पाण्यामुळे आहे, झाडाच्या गुणामुळे नाही. मँगेनीज आणि रायबोफ्लेविन त्यात लक्षणीय असतात हे खरे, पण त्यासाठी कोणी वाटीभर पाक प्यावा असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मध आणि सिरपमधील साखर ‘मुक्त साखर’च धरली जाते, आणि तिचा वाटा दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावा असे २०१५ ची शिफारस सांगते. पाकिटावर ‘साखरविरहित’ छापणे ही सरळ दिशाभूल ठरेल.

एवढी महाग वस्तू म्हटल्यावर भेसळ आलीच. जगातील सुमारे ७० टक्के सिरप कॅनडाच्या एकट्या क्वेबेक प्रांतातून येते आणि तिथे भाव स्थिर ठेवण्यासाठी राखीव साठाही ठेवतात. २०११-१२ मध्ये त्या साठ्यातून जवळपास ३,००० टन सिरप चोरीला गेले, यावरून त्याची किंमत लक्षात यावी. भेसळ पकडण्याची पद्धत सोलापूरकरांना जवळची वाटेल. ऊस, मका आणि ज्वारी ही पिके हवेतील कार्बन डायऑक्साइड ज्या मार्गाने पकडतात, तो मेपलसारख्या वृक्षांच्या मार्गाहून वेगळा आहे; त्यामुळे या पिकांच्या साखरेत कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण थोडे जास्त असते. सिरपमध्ये उसाची साखर किंवा मक्याचा पाक मिसळला की हे प्रमाण सरकते आणि यंत्राला कळते. बीटाची साखर मात्र मेपलच्याच मार्गाची असल्याने या चाचणीतून निसटते. दुकानातल्या स्वस्त बाटल्यांसाठी यंत्राचीही गरज नसते: घटकांत मक्याचा पाक आणि ‘स्वाद’ लिहिलेला असेल, तर ते मेपल सिरप नव्हे.

आम्ही दोन्ही वाट्या वापरून पाहिल्या. शेंगा पोळीच्या सारणात गुळाऐवजी सिरप घातले, तेव्हा सारण सैल झाले आणि तिसरी पोळी तव्यावर फुटली. जी टिकली तिच्यात वेलची आणि कुटाने मेपलचा मागमूस ठेवला नव्हता. भाजलेल्या शेंगदाण्यांवर मात्र गडद प्रतीचे सिरप आटवून चिमूटभर मिठासह चढवले, तेव्हा प्रत्येक दाण्याला लाकडाच्या धुराकडे झुकणारी अशी चव आली जी काकवीने येत नाही. ते दाणे आता बेकरीत छोट्या पाकिटांत विकले जातात. बाकीच्या मालात काकवी आणि साखर पूर्वीसारखीच आहे. उघडलेली बाटली मी त्यांना फ्रिजमध्ये ठेवायला लावली, कारण त्या दाटपणातही पृष्ठभागावर बुरशी धरू शकते, आणि इथला मे महिना तिला फार मानवतो.