मोठ्या टॅटूतील वेदनांचे नियमन

पूर्ण पाठ, अख्खा हात किंवा मांडी व्यापणारा टॅटू काढून घेताना होणारे दुखणे सुसह्य करण्याच्या पद्धती. टॅटूची सुई त्वचेत साधारण १ ते २ मिमी. खोल जाते आणि शाई आतल्या थरात सोडते. मनगटावरचे छोटे चिन्ह अर्ध्या तासात होते, तेवढा वेळ दातओठ खाऊन निभावता येतो. पाठभर चित्राला कित्येक तास लागतात. तिथे दुखण्याच्या तीव्रतेपेक्षा त्याची लांबी माणसाला जास्त थकवते, आणि नियमनाचा सारा विचार याच मुद्द्याभोवती फिरतो.

बरगड्या, पाठीचा कणा, काखेजवळचा भाग, गुडघ्यामागची खोबण या जागा फार दुखतात. दंडाची बाहेरची बाजू आणि मांडीचा दर्शनी भाग त्यामानाने सोपा. आऊटलाइन काढताना धारदार ओरखडा ओढल्यासारखे वाटते. शेडिंगच्या वेळी उन्हाने भाजलेल्या कातडीवर तारेची घासणी फिरवल्याचा भास होतो. बैठकीच्या शेवटच्या तासात तर सुईपेक्षा शाई पुसणारा ओला टिश्यूच जास्त झोंबतो, कारण त्याखालची त्वचा तोवर सोलवटलेली असते.

म्हणूनच काम बैठकांत वाटून घेणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. तीन-चार तासांनंतर बहुतेकांची सहनशक्ती ओसरते, अंग थरथरू लागते, आणि हलत्या अंगावर रेषा बिघडते. त्याच जागेवर पुन्हा काम करायचे तर मध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. बैठकीपूर्वी पोटभर जेवण आणि नीट झोप हवी. उपाशीपोटी बसलेल्यांना भोवळ येण्याचा धोका जास्त. तसे झाल्यास आडवे करून पाय उंच ठेवावेत. मद्य घेऊन बसू नये. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो, म्हणून दुखू नये यासाठी ती आधी घेणे टाळावे. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

नंबिंग क्रीमचा, म्हणजे कातडी बधिर करणाऱ्या मलमाचा, मोह मोठ्या टॅटूतच जास्त होतो, आणि धोकाही तिथेच जास्त असतो. यांतील मुख्य औषध बहुधा लिडोकेन. थोड्या जागेवर, योग्य प्रमाणात ते सहसा निभावते. पाठभर थापून वर प्लॅस्टिक गुंडाळले किंवा सुईने सोलवटलेल्या कातडीवर पुन्हा चोळले, तर ते रक्तात जास्त प्रमाणात उतरते. हृदयाचे ठोके अनियमित होणे, फिट येणे, श्वास अडणे असे परिणाम होऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेन असलेल्या, चिठ्ठीविना मिळणाऱ्या अशा क्रीमबद्दल इशारा दिला. मोठा टॅटू ठरवणाऱ्याने तो इशारा डिझाइन निवडण्याआधी वाचावा. शिवाय क्रीमचा असर बैठक अर्ध्यावर असतानाच उतरतो, आणि मग एकदम जाणवणारे दुखणे अधिक असह्य वाटते. वापरायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, लहान आणि अवघड जागेपुरती वापरावी, आणि आर्टिस्टला आधी सांगावे.

औषधाविना दुखणे सोसण्याची रीत जुनी आहे. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर पुरुषांचा ‘पेआ’ हा पारंपरिक टॅटू कमरेपासून गुडघ्यांपर्यंत असतो. दातेरी फणी लाकडी दांड्याने ठोकून तो काढतात. एक-दोन मदतनीस कातडी ताणून धरतात, आणि आप्त जवळ बसून गाणी म्हणतात. आपल्याकडच्या गोंदणारणीही गोंदताना गाणी म्हणत, म्हणजे मुलीचे लक्ष सुईवरून हटे. स्टुडिओत हे काम कानातले गाणे, सोबत आलेली मैत्रीण आणि लांब सोडलेला श्वास करतात. सुई टेकताना श्वास रोखला तर स्नायू ताणले जातात आणि जास्त दुखते, असा अनेकांचा अनुभव आहे. मध्ये थोडे थांबायला सांगताना संकोचू नये. दर तासाला पाच मिनिटे उठून पाणी, काही गोड खाणे, पाय मोकळे करणे, याने पुढचा तास निघतो.

बैठकीनंतर ताज्या भाजण्यासारखी जळजळ एक-दोन दिवस राहते. थंड पाणी आणि सैल सुती कपडा यांनी आराम पडतो, गरज पडल्यास पॅरासिटामॉल घेता येते. दोन दिवसांनंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली पसरली, पू किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे, आणि पुढची बैठक पुढे ढकलावी.