फिशर रँडम बुद्धिबळ (चेस ९६०)

बुद्धिबळाचा एक प्रकार. यात पहिल्या ओळीतल्या मोहऱ्यांची मांडणी दर डावापूर्वी सोडत काढून ठरवतात. प्यादी नेहमीप्रमाणे दुसऱ्या ओळीत राहतात, मोहऱ्यांच्या चाली बदलत नाहीत, शह-मातही तीच. अमेरिकेचा माजी जगज्जेता बॉबी फिशर याने हा प्रकार १९ जून १९९६ रोजी अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस येथे जाहीर केला. तो चेस ९६० आणि अलीकडे फ्रीस्टाइल चेस या नावांनीही ओळखला जातो.

फिशरचे दुखणे ओपनिंगच्या पाठांतराचे होते. पहिल्या पंधरा-वीस चाली घरून पाठ करून यायचे आणि पटावर नुसत्या उतरवायच्या, याला तो खेळ मानायला तयार नव्हता. गंमत म्हणजे ओपनिंगचा त्याच्याएवढा कसून अभ्यास करणारे त्याच्या पिढीत फार थोडे होते. मोहरी इकडेतिकडे करून खेळण्याची कल्पना मात्र त्याची नव्हे. ‘शफल चेस’ आधीपासून खेळले जाई आणि सोव्हिएत ग्रँडमास्टर डेव्हिड ब्रॉनस्टाइन यांनी खेळाडूंनी स्वतःच आळीपाळीने मोहरी मांडावीत असे सुचवले होते. फिशरचे खरे योगदान आहे ते त्याने घातलेल्या दोन बंधनांत.

पहिले बंधन असे, की दोन उंट विरुद्ध रंगांच्या घरांत हवेत. दुसरे, राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी हवा. आठ मोहरी कशीही मांडली तर ५०४० मांडण्या होतात. उंटांची अट लावली की २८८० उरतात आणि राजाची अट लावली की त्यांतली बरोबर एक तृतीयांश, म्हणजे ९६०. काळ्याची मांडणी पांढऱ्याचे आरशातले प्रतिबिंब असते. त्यामुळे सोडत दोघांची मिळून एकच असते आणि तिला जुगार म्हणता येत नाही.

संगणक हाताशी नसला तरी एका फाशावर भागते. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून मोजत जायचे; उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८. समजा, पहिले दान ३ पडले, तर पहिला उंट तिसऱ्या काळ्या घरात म्हणजे ई१ वर. पुढचे दान १, तर दुसरा उंट पहिल्या पांढऱ्या घरात, बी१ वर. (घरे चारच असल्याने ५ किंवा ६ पडल्यास फासा पुन्हा टाकायचा.) मग ६ पडले, तर उरलेल्या सहा घरांतल्या शेवटच्या, एच१ वर वजीर. राहिलेल्या पाच घरांसाठी २ पडले, एक घोडा सी१ वर. नंतरच्या चार घरांसाठी ४ पडले, दुसरा जी१ वर. उरतात ए, डी आणि एफ. तिथे हत्ती, राजा, हत्ती असाच क्रम लागतो, फासा टाकावा लागत नाही.

अशा रीतीने हत्ती, उंट, घोडा, राजा, उंट, हत्ती, घोडा, वजीर अशी रांग उभी राहिली. आता हा पट नीट बघावा. पांढऱ्याने पहिल्याच चालीत जी-प्यादे एक घर पुढे सरकवले, की कोपऱ्यातल्या वजिराचा लांब तिरपा रस्ता मोकळा होतो आणि तो थेट बी७ वरच्या प्याद्यावर जाऊन भिडतो. त्या प्याद्याला काळ्याच्या एकाही मोहऱ्याचा जोर (संरक्षण) नाही. म्हणजे काळ्याला पहिल्याच चालीत विचार करणे भाग आहे. सी-प्यादे एक घर पुढे घेऊन तो रस्ता अडवू शकतो. नेहमीच्या मांडणीत सगळ्या प्याद्यांना सुरुवातीपासून जोर असतो, याकडे आपले एरवी लक्षही जात नाही.

नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते ते कॅसलिंग, म्हणजे राजा व हत्ती एकाच चालीत हलवणे. राजा-हत्ती कुठूनही निघोत, पोहोचायचे ते ओळखीच्या घरांतच: एच बाजूला राजा जी वर व हत्ती एफ वर, ए बाजूला राजा सी वर व हत्ती डी वर. वरच्या मांडणीत ई१ आणि जी१ रिकामी झाली की डी१ वरचा राजा आपल्याच हत्तीवरून उडी मारून जी१ वर जातो. हत्ती एफ१ वर आधीच असल्याने जागचा हलतही नाही! बाकी अटी जुन्याच. दोघेही आधी हललेले नसावेत, राजाला शह नसावा आणि त्याच्या वाटेतल्या घरावर शत्रूचा मारा नसावा. राजा हत्तींच्या मध्ये ठेवण्याचा अट्टहास याचसाठी. त्यामुळे पंधराएक चालींनंतर पट पुष्कळदा नेहमीच्या डावासारखा दिसू लागतो. निव्वळ शफल चेसमध्ये हे साधत नाही.

स्पर्धांच्या पातळीवर हा प्रकार रुजला तो जर्मनीतील माइन्झ येथे. २००१ मध्ये तिथे पीटर लेकोने मायकेल अॅडम्सला ४½–३½ असे हरवले. पुढे पीटर स्विडलर व लेव्हॉन अरोनियन यांनी तिथे वर्चस्व गाजवले. २००७ मध्ये अरोनियनने विश्वनाथन आनंदवर मात केली. फिडेची (जागतिक बुद्धिबळ महासंघाची) पहिली अधिकृत जगज्जेतेपदाची स्पर्धा २०१९ मध्ये नॉर्वेत झाली. तीत वेस्ली सोने मॅग्नस कार्लसनला त्याच्याच देशात १३½–२½ असे अक्षरशः धुतले. २०२२ चे विजेतेपद हिकारू नाकामुराने आइसलंडच्या रेक्याविकला मिळवले. फिशर १९७२ मध्ये जगज्जेता झाला आणि २००८ मध्ये वारला, ते हेच शहर.

२०२४ मध्ये जर्मनीतील वायसेनहाउस येथून फ्रीस्टाइल स्पर्धा सुरू झाल्या. तिथे मांडणी डावाच्या थोडाच वेळ आधी जाहीर झाली आणि पांढरी मोहरी मिळालेले खेळाडू एकत्र, काळी मिळालेले एकत्र, असे घोळक्याने पटाभोवती खल करत बसले. तासाभराने एकमेकांच्या उरावर बसणारी ही माणसे! २०२५ च्या पॅरिस स्पर्धेत गुकेश, प्रज्ञानंद आणि अर्जुन एरिगैसी यांच्यासोबत नाशिकचा विदित गुजराथीही होता. त्याच वर्षी लास वेगासला प्रज्ञानंदने कार्लसनला हरवले आणि अर्जुनने उपांत्य फेरी गाठली.

आक्षेपही आहेत. काही मांडण्यांत पांढऱ्याला नेहमीपेक्षा जास्त फायदा मिळतो. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ सामन्यांत एकच मांडणी रंग बदलून दोनदा खेळवतात. प्रेक्षकाला ओळखीचे ओपनिंग दिसत नाही, हे गाऱ्हाणे अधिक खरे आहे.

मांडण्यांना ० ते ९५९ असे क्रमांक देण्याची सर्वमान्य पद्धत राइनहार्ड शार्नागल यांची. वर फाशाने काढलेली मांडणी तीत ६६४ वी येते. आपली नेहमीची, शाळेत शिकलेली मांडणीही या ९६० मध्ये आहेच; तिचा क्रमांक ५१८.