भूतानचे परमिट : आधार कार्ड चालत नाही, मग काय चालते?

पारोच्या खोऱ्यातल्या उभ्या कड्याला बिलगून असलेला तक्त्सांग मठ पाहण्यासाठी चार-पाच दिवसांचा भूतान दौरा आखणारी मंडळी विमानाची तिकिटे, हॉटेल आणि लोकरीचे कपडे यांची चोख तयारी करतात, आणि परमिटचा प्रश्न आला की पाकिटातून आधार कार्ड काढून दाखवतात. गेली काही वर्षे नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांचे अर्ज भरून देताना मी जी अडवणूक पाहिली, त्यातली बहुतेक या एका कार्डापाशी सुरू झाली होती. त्यामुळे ही माहिती लिहिताना सरळ असलेल्या पायऱ्या मी थोडक्यात उरकणार आहे आणि माणसे जिथे अडतात तिथे थांबणार आहे.

भारतीय नागरिकाला भूतानसाठी व्हिसा लागत नाही, हे वाक्य खरे आहे. पण त्याचा अर्थ काहीच लागत नाही असा घेतला जातो आणि तिथे घोटाळा होतो. व्हिसाऐवजी प्रवेश परवाना, म्हणजे सगळे ज्याला परमिट म्हणतात तो, लागतो. तो भूतानच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर आधी अर्ज करून मिळतो किंवा पारो विमानतळावर अथवा फुंटशोलिंगच्या सीमेवर पोहोचल्यावर घेता येतो. परमिटसाठी मोठ्या माणसांच्या ओळखीचा पुरावा म्हणून दोनच कागद मानले जातात : परतीच्या तारखेनंतरही किमान 6 महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र. आधार, पॅन आणि वाहन परवाना यांपैकी काहीही चालत नाही, आणि तिन्ही एकत्र दाखवले तरी चालत नाही.

आता यातली खरी मेख. 2019 च्या जानेवारीत आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाने असे जाहीर केले की 15 वर्षांखालील आणि 65 वर्षांवरील भारतीयांना नेपाळ व भूतानच्या प्रवासासाठी आधार कार्डही चालेल. ही बातमी कात्रण होऊन, पुढे व्हॉट्सॲपवरून, अजून फिरते आहे. ती खोटी नाही, पण ती भारताच्या बाजूने देशाबाहेर पडण्याची सवलत आहे. भूतानने आत घेण्यासाठी काय मागावे हे ती ठरवू शकत नाही. ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला, वय 68, त्यांच्या ट्रॅव्हल एजंटने याच बातमीच्या आधारावर निश्चिंत केले होते. सुदैवाने मतदार ओळखपत्र घरी होते आणि निघायला तीन आठवडे होते. दोन देशांचे दोन नियम एकमेकांशी जुळवून घेण्याचे कष्ट कोणत्याही कार्यालयाने घेतलेले नाहीत, त्यामुळे ते कष्ट अर्जदाराने घ्यायचे, अशी ही व्यवस्था आहे.

मतदार ओळखपत्र आहे, एवढ्याने काम भागत नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर वाटलेली जुनी, लॅमिनेशन केलेली कार्डे बाहेर काढून पाहा. त्यांवर जन्मतारीख नसते, '1.1.1995 रोजी वय 31' अशा धर्तीची ओळ असते. क्रमांक आजच्यासारखा तीन अक्षरे आणि सात आकडे असा नसून 'एमटी' पासून सुरू होणारा, तिरक्या रेघांनी तोडलेला असतो, आणि छायाचित्र इतके काळवंडलेले असते की समोरच्याने ओळख पटवायची तरी कशी. ऑनलाइन अर्जात जन्मतारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही, आणि आपण तिथे जे लिहितो ते कार्डावरून पडताळता येत नाही. असे कार्ड असलेल्यांनी मतदार सेवा संकेतस्थळावर नमुना 8 भरून नवे कार्ड मागवावे. मोबाइलवर उतरवून घेता येणारे ई-कार्ड 2021 पासून मिळते आणि ते अर्जाला जोडायला सोयीचे पडते, तरी प्रवासात मूळ प्लास्टिकचे कार्डच जवळ ठेवावे, असा माझा आग्रह असतो. खिडकीपलीकडच्या माणसाशी कागदाच्या वैधतेवर वाद घालण्याची ती जागा नव्हे.

नावांची गोष्ट तर आपल्याकडे विशेष अवघड आहे. एकाच बाईचे पासपोर्टवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि मतदार ओळखपत्रावर सासरच्या आडनावासह वडिलांचे नाव, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. त्यात देवनागरीवरून इंग्रजी अक्षरे करताना यंत्राने केलेले प्रताप वेगळेच : 'ज्ञानेश्वर' एका कागदावर 'डी'ने सुरू होतो आणि दुसऱ्यावर 'जी'ने. उपाय सोपा आहे, पण तो तिकिटे काढण्याआधी करायचा असतो. ज्या कागदावर परमिट काढणार, त्याच्यावरची अक्षरे जशीच्या तशी विमानाच्या तिकिटावर, हॉटेलच्या आरक्षणावर आणि प्रवास विम्यावर उतरवावीत. आधारवरचे नाव बरोबर आणि कार्डावरचे चूक असले, तरी इथे चुकीचेच नाव खरे धरायचे.

मुलांच्या बाबतीत 18 वर्षांखालील प्रत्येकाला पासपोर्ट किंवा इंग्रजीत असलेला जन्म दाखला लागतो. 'इंग्रजीत' हा शब्द लोक वाचतात आणि विसरतात. हल्ली महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती जो दाखला देतात तो मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांत छापलेला असतो, त्याला अडचण येत नाही. हाताने भरलेला जुना दाखला मात्र निव्वळ मराठीत असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात 'बाळाचे नाव' या रकान्यात कित्येकदा आडवी रेघ असते, कारण नोंद दवाखान्यातून झाली तेव्हा बारसे व्हायचे होते आणि नंतर नाव घालून घ्यायला कोणी गेले नाही. शाळाप्रवेशाला तो चालून गेलेला असतो, म्हणून घरच्यांच्या लक्षातही येत नाही. दाखल्यात नाव घालण्याचे काम जिथे जन्माची नोंद झाली त्याच कार्यालयात होते, तुम्ही आज राहता तिथे नाही. मूल आजोळी जन्मलेले असेल तर निदान एक फेरी तिकडे ठरलेली. सुट्टीत नातवंडांना घेऊन निघालेल्या आजी-आजोबांनी आणखी एक लक्षात ठेवावे : मुलासोबत कायदेशीर पालक असावा अशी अपेक्षा आहे. आई-वडील बरोबर नसतील तर दोघांच्या सह्यांचे इंग्रजी संमतिपत्र नोटरी करून घ्यावे आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडाव्यात.

सर्वांत वाईट अवस्था होते ती नुकत्याच 18 पूर्ण झालेल्या मुलामुलींची. जन्म दाखल्यावर जाण्याचे वय संपलेले असते आणि मतदार ओळखपत्र हातात आलेले नसते. मतदार यादीसाठी 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या अर्हता तारखा आहेत, म्हणजे 18 पूर्ण झाले का ते याच तारखांना पाहिले जाते, त्यामुळे नव्या मतदाराचा नमुना 6 भरला तरी कार्ड हातात येईपर्यंत काही महिने सहज जातात. बारावीची परीक्षा संपली की सगळ्यांनी भूतानला जायचे, हा बेत करणाऱ्या घरात नेमके हेच मूल असते. त्याच्यासाठी पासपोर्ट हा एकच रस्ता आहे आणि तो दिवाळीतच धरलेला बरा.

कागद जमले की पुढचा अर्ज सोपा आहे. पासपोर्ट आकाराचे छायाचित्र, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, हॉटेलचे आरक्षण, दिवसवार कार्यक्रम आणि प्रवास विमा एवढे जोडायचे असते. कार्यक्रमात पारो आणि थिंफूखेरीज पुनाखा, फोबजिखा किंवा बुमथांग जे काही मनात असेल ते आधीच लिहावे. भूतानमध्ये बहुतेक ठिकाणी परवानाधारक गाइड सोबत असावा लागतो, त्यामुळे तिथल्या नोंदणीकृत टूर चालकामार्फत अर्ज करणे बहुतेकांना सोयीचे पडते. स्वतः करणार असाल तर संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट बीटी' आहे ना, एवढे पाहून घ्यावे, कारण सरकारी वाटावी अशी खासगी दुकाने इंटरनेटवर भरपूर आहेत.

पैशांचे गणित मात्र समजून घ्यावे लागते. शाश्वत विकास शुल्क, ज्याला तिथे सगळे एसडीएफ म्हणतात, ते भारतीयांसाठी माणशी दर रात्रीला 1200 रुपये आहे. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मे, म्हणजे 600 रुपये, आणि 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ. शुल्क रात्रींवर आहे, दिवसांवर नाही. चार दिवस तीन रात्रींच्या सहलीत आई-वडील, 10 वर्षांचा मुलगा आणि 4 वर्षांची मुलगी असतील तर 7200 आणि 1800 मिळून 9000 रुपये होतात. यात हॉटेल, गाइड, वाहन, मठांची तिकिटे यांपैकी काहीही धरलेले नाही. 'पॅकेजमध्ये सगळे आले' असे सांगणाऱ्याला हा आकडा वेगळा लिहून द्यायला सांगावे. स्वतःची गाडी न्यायची हौस असेल तर भारतीय नोंदणीच्या वाहनाला भूतानमध्ये दिवसाला 4500 रुपये निराळे पडतात, तेव्हा गाडी सीमेच्या अलीकडे, भारतातल्या जयगावला ठेवून तिकडचे वाहन करणे शहाणपणाचे.

हे शुल्क ऑनलाइन भरताना आपल्या बाजूची एक अडचण येते. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नवी कार्डे फक्त देशांतर्गत व्यवहारासाठी सुरू असतात आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करावा लागतो. तो बंद असला की पैसे भरले जात नाहीत, पण अर्जाला क्रमांक मिळालेला असतो, म्हणून अर्जदार घरी स्वस्थ बसतो आणि परमिटची वाट पाहत राहतो. अर्ज पाठवला म्हणजे अर्ज दाखल झाला असे नाही. पैसे भरल्याची पावती हातात येईपर्यंत तो अपुरा समजावा.

मुदतीबद्दलही असाच गैरसमज आहे. परमिटला साधारण पाच दिवस लागतात असे सांगितले जाते, ते कामकाजाचे दिवस आहेत आणि ते भूतानच्या पंचांगाने मोजायचे आहेत. त्यांचा नववर्षाचा लोसार, गावोगावचे त्सेचू म्हणजे मठांचे वार्षिक उत्सव, फेब्रुवारीत राजांच्या वाढदिवसाच्या सुट्ट्या, 17 डिसेंबरचा राष्ट्रीय दिन यांपैकी काहीही आपल्या दिनदर्शिकेवर छापलेले नसते. प्रवासाच्या आधी तीन आठवडे अर्ज केला तर एखादा कागद परत मागितला तरी वेळ उरतो.

सीमेवर जाऊन परमिट घेणाऱ्यांसाठी घड्याळाची सूचना. भूतानची वेळ आपल्यापेक्षा 30 मिनिटे पुढे आहे आणि कार्यालयातली घड्याळे साहजिकच त्यांची असतात. हिवाळ्यात तिथली सरकारी कार्यालये उन्हाळ्यापेक्षा लवकर बंद होतात. दुपारी 4 ला खिडकी बंद होते म्हणजे जयगावच्या हॉटेलातल्या घड्याळात साडेतीनच वाजलेले असतात. सीमेजवळच्या हासीमारा रेल्वे स्थानकावर उतरून, जेवण आटोपून, 'अजून वेळ आहे' म्हणत चालत आलेल्या मंडळींना बंद खिडकीसमोर उभे असलेले मी पाहिले आहे. त्यांची त्या दिवशीची पारोची खोली वाया गेली, कारण फुंटशोलिंगहून पारो सुमारे 145 किलोमीटर घाटरस्त्याने आहे आणि तो रस्ता रात्री करण्यासारखा नाही.

पारोला पोहोचल्यावर तक्त्सांगसाठी वेगळे प्रवेश तिकीट असते आणि ते पायथ्याशी, वाहनतळाजवळ घ्यायचे असते. वर मठाच्या दाराशी ते मिळत नाही. मठ 3120 मीटर उंचीवर आहे. नुसते पारोचे खोरेच आपल्या कळसूबाईच्या 1646 मीटरपेक्षा बरेच वर आहे, तेव्हा पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चढाई ठेवू नये. घोडा मिळतो, पण फक्त चढताना आणि तोही अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत. त्यापुढच्या शेकडो पायऱ्या आधी खाली धबधब्याच्या पुलापर्यंत उतरतात आणि मग पुन्हा वर चढतात. गुडघे दुखणाऱ्या माणसांनी हे ऐकून घेऊन मगच ठरवावे. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पूर्ण लांबीची पँट किंवा सलवार लागते, टोपी काढावी लागते, आणि मोबाइल, कॅमेरा, पिशव्या दाराशी जमा कराव्या लागतात. 1692 मध्ये बांधलेल्या या मठाचा बराचसा भाग 1998 च्या आगीत जळाला होता आणि नंतर तो पुन्हा उभारला गेला, एवढे सांगितले की आतली कडक शिस्त समजते.

दुपारी मठ जेवणासाठी बंद होतो, म्हणून सकाळी आठच्या सुमारास चढायला लागावे. परमिटची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र चढताना बरोबर असू द्यावे, हॉटेलच्या कपाटात नको. रस्त्याने परतणार असाल तर फुंटशोलिंगला बाहेर पडल्याची नोंद न विसरता करावी, कारण न केलेली नोंद पुढच्या खेपेच्या अर्जात उगवते. हासीमाऱ्याहून सुटणाऱ्या गाडीची वेळ अर्थातच भारतीय असते, आणि जाताना गमावलेला तो अर्धा तास इथे परत मिळतो.