डायनासोर अंडीच का घालत राहिले?

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात नाग आणि घोणस हे दोन्ही साप एकाच बांधावर आढळतात. पण नागीण अंडी घालते आणि घोणस थेट पिल्ले देते, तीही एका वेळी वीस-तीस. सरडे आणि सापांच्या कुळात अंड्यांकडून पिल्लांकडे जाणारे हे स्थित्यंतर शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडले आहे. याउलट डायनासोर जमिनीवर सोळा कोटींहून अधिक वर्षे वावरले, तरी त्यांच्यापैकी एकाही जातीने पिल्ले दिल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि त्यांचे वंशज असलेले पक्षीही आजतागायत अंडीच घालतात. त्यामुळे डायनासोर अंडी का घालत, यापेक्षा त्यांनी ती पद्धत का सोडली नाही, हा प्रश्न अधिक नेमका ठरतो.

अंडी हा त्यांना मिळालेला वारसा होता. बेडकासारख्या उभयचरांची अंडी पाण्याबाहेर सुकून जातात. साधारण 31 कोटी वर्षांपूर्वी ज्या प्राण्यांच्या गर्भाभोवती पाणी धरून ठेवणारी, श्वसन सांभाळणारी आणि मलद्रव्य साठवणारी आवरणे विकसित झाली होती, त्यांना प्रजननासाठी डबक्याची गरज उरली नाही. डायनासोर अवतरले ते त्यानंतर कितीतरी काळाने, सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वी.

या अंड्यांची ओळख पटायला मात्र बराच काळ लागला. 1859 मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये जाँ-जाक पुएश यांना जाड कवचाचे तुकडे सापडले, तेव्हा ते एखाद्या प्रचंड पक्ष्याचे असावेत असा त्यांचा समज झाला. 1923 मध्ये अमेरिकी मोहिमेला मंगोलियाच्या वाळवंटात अख्खी घरटी मिळाली. ती प्रोटोसेराटॉप्स या शाकाहारी डायनासोरची मानली गेली आणि घरट्याजवळ ज्याचा सांगाडा सापडला त्या प्राण्याला ‘अंडीचोर’ या अर्थाचे ओव्हिरॅप्टर हे नाव देण्यात आले. पुढे 1993 मध्ये तशाच अंड्यात त्याच कुळातील गर्भ आढळला, आणि खुडूक कोंबडीप्रमाणे अंड्यांवर बसलेले त्या कुळातील प्राण्यांचे सांगाडेही मिळाले. चोर ठरवलेला प्राणी बहुधा स्वतःच्याच घरट्यापाशी मेला होता; नाव मात्र नामकरणाच्या नियमानुसार तेच राहिले.

भारतातील अंडी प्रामुख्याने गुजरातमधील खेडा परिसरात आणि मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, डायनासोर-युगाच्या शेवटच्या काळातील लमेटा खडकांत सापडली आहेत. धारमधील 92 घरटी आणि 256 अंड्यांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. गुजरातमधील ढोली डुंगरी येथील जीवाश्म तर थक्क करणारा आहे. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना तो 1980च्या दशकात मिळाला, तेव्हा त्यातील हाडे डायनासोरच्या पिल्लाची वाटली होती. पुढे त्यांतील काही मणके सापाचे असल्याचे लक्षात आले, आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पूर्ण चित्र उभे राहिले: सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून आहे आणि शेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू आहे. कोल्हापूर परिसरात असे काही सापडण्याची आशा मात्र फारशी नाही. पन्हाळ्याचा कातळ हा डायनासोर-युगाच्या शेवटाच्या आसपास ओतल्या गेलेल्या लाव्हाचा आहे, तर जिल्ह्याच्या दक्षिणेकडे जे कलादगी वालुकाश्म उघडे पडतात ते डायनासोरच्या कितीतरी आधीचे आहेत; दोहोंच्या मधल्या काळाचे, अंडी जपून ठेवतील असे थर इथे दिसत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे. सापांमध्ये पिल्ले देण्याची वाट सहसा अशी घडते, की पातळ कवचाचे अंडे मादी शरीरात अधिकाधिक काळ ठेवते आणि कवच हळूहळू नाहीसे होते. जाड, चुनखडी कवच असेल तर वाढत्या गर्भाला आईच्या शरीरात पुरेसा प्राणवायू मिळणे अवघड जाते, त्यामुळे अंडे लवकर बाहेर टाकणे भाग पडते. हे स्पष्टीकरण बरेचसे पटणारे असले तरी पुरेसे नाही, कारण प्रोटोसेराटॉप्स आणि मुसॉरस या डायनासोरांची अंडी मऊ कवचाची होती आणि कठीण कवच डायनासोरांत किमान तीनदा स्वतंत्रपणे उद्भवले, असे 2020 मधील संशोधन सांगते. शिवाय डायनासोरांच्या दूरच्या नात्यातील डायनोसेफॅलोसॉरस हा सागरी प्राणी पिल्ले देत असे, असे चीनमधील जीवाश्मावरून 2017 मध्ये दिसून आले. म्हणजे वाट पूर्ण बंद नव्हती. माझ्या मते गरज नसणे हेच कारण अधिक वजनदार आहे. पिल्ले देण्याकडे नेणारी दोन मोठी कारणे म्हणजे समुद्रातले जीवन आणि थंड हवामान. डायनासोर मुख्यतः जमिनीवरचे होते आणि त्यांच्यातील काही जाती अंड्यांवर बसून ऊबही देत असत.

अवाढव्य देहांना तर अंडी सोयीचीच होती. हत्तिणीला सुमारे 22 महिने गर्भ वाहून एकच पिल्लू होते, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला फार वेळ लागतो. भारतातील टायटॅनोसॉर हे लांब मानेचे शाकाहारी डायनासोर अनेक टन वजनाचे असूनही त्यांची अंडी जेमतेम 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाची होती. अंडे हवे तितके मोठे करता येत नाही, कारण आतील द्रव पेलायला कवच जाड हवे आणि गर्भाला श्वास घ्यायला ते पातळ हवे. मादी एका विणीत अनेक लहान अंडी घालून निघून जाई. बहुतेक पिल्ले मरत, थोडी जगत, आणि तेवढ्यावर वंश चाले. धारमधील घरटी इतकी जवळजवळ आहेत की एवढ्या मोठ्या प्राण्याला त्यांच्यामधून वावरणे कठीण गेले असते, म्हणूनच पालक तिथे थांबत नसावेत असे अभ्यासकांना वाटते.

या पद्धतीची किंमतही होती. गर्भाच्या दातांवरील रोजच्या वाढीच्या रेषा मोजून 2017 मध्ये असे अनुमान काढण्यात आले, की प्रोटोसेराटॉप्सची अंडी उबायला सुमारे तीन महिने आणि हायपॅक्रोसॉरस या मोठ्या डायनासोरची सुमारे सहा महिने लागत. शहामृगाला साधारण सहा आठवडे पुरतात. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या संकटात ही दिरंगाई महागात पडली असावी, असे काही संशोधक मानतात. परंतु त्याच संकटातून मगरी आणि कासवे तरली, आणि तीही अंडीच घालत होती. तेव्हा डायनासोरांच्या अंताचा दोष एकट्या अंड्यांवर टाकता येत नाही.