एलायझा किटचे मागणीपत्र: पात्रता, कागदपत्रे आणि तांत्रिक समर्थन

खारघर, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यातील वैद्यकीय आणि जैवतंत्रज्ञान संस्थांमध्ये प्रथिनांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षातच एलायझा किटचे, म्हणजे नमुन्यात एखादे ठरावीक प्रथिन किती आहे ते मोजणाऱ्या संचाचे, मागणीपत्र भरावे लागते. ते परत येते तेव्हा दोष बहुधा सही-शिक्क्याचा नसतो. कॅटलॉग क्रमांक आधी ठरवून समर्थन मागाहून जुळवलेले असते आणि खरेदी समितीतील जाणकाराच्या ते चटकन लक्षात येते. म्हणून नमुना आधी, किट नंतर आणि कागद शेवटी, हाच क्रम ठेवावा.

मागणीपत्र प्रकल्पाच्या प्रमुख संशोधकाच्या नावे निघते. पीएचडीचा विद्यार्थी मार्गदर्शकामार्फतच मागणी करू शकतो. मंजुरीपत्रात उपभोग्य वस्तूंच्या शीर्षाखाली रक्कम शिल्लक असावी आणि किट प्रकल्पाची मुदत संपण्यापूर्वी हाती यावे. परदेशातून येणाऱ्या किटला काही आठवडे सहज लागतात, त्यामुळे मार्चअखेरीस धावपळ करणाऱ्याची गाडी इथेच अडते.

नमुने माणसांचे असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीचे मंजुरीपत्र जोडावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे तपासणीनंतर उरलेल्या रक्तालाही लागू होतात, त्यामुळे ‘नमुने फ्रीझरमध्ये आधीपासून आहेत’ हे उत्तर चालत नाही. नमुने उंदरांचे असतील तर प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते.

तांत्रिक समर्थनाचे पान मात्र सवडीने लिहावे, कारण खरी निवड तिथेच होते. एलायझाची पद्धत 1971 मध्ये स्वीडन आणि नेदरलँड्समधील दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. आज तिचे अनेक प्रकार मिळत असले तरी प्रथिनांसाठी बहुतेक वेळा सँडविच प्रकारच घेतला जातो. त्यात एक प्रतिपिंड (ठरावीक रेणूलाच चिकटणारे प्रथिन) मोजायच्या प्रथिनाला धरून ठेवते आणि दुसरे त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाला चिकटून रंग देते. दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी जागा न देणाऱ्या लहान रेणूंसाठी स्पर्धात्मक प्रकार घ्यावा लागतो. त्यापुढचा प्रश्न प्रजातीचा आहे. मानवी प्रथिनासाठी बनवलेले किट उंदराच्या नमुन्यावर चालेलच, असे गृहीत धरू नये.

नमुना सीरम आहे, प्लाझ्मा आहे की पेशीसंवर्धनातील द्रव, हे किटच्या माहितीपत्रकात तपासलेले असावे लागते. व्हीईजीएफ हे प्रथिन रक्त गोठताना प्लेटलेटमधून बाहेर पडते, म्हणून त्याचे सीरममधील आकडे प्लाझ्मापेक्षा जास्त येतात. निम्मे नमुने सीरमचे आणि निम्मे प्लाझ्माचे असतील तर कितीही महाग किट तो अभ्यास वाचवू शकत नाही. मोजमापाच्या कक्षेचेही असेच आहे. निरोगी माणसाच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 हे प्रथिन एका मिलिलिटरला मोजके पिकोग्रॅम असते. साध्या किटवर अशा नियंत्रण गटाचे बरेच नमुने प्रमाण वक्राच्या (ज्ञात प्रमाणांवरून काढलेल्या मोजमापाच्या रेषेच्या) खालीच राहतात आणि तिथे जास्त संवेदनशीलतेचे किट मागणे हा चैनीचा भाग नसतो. माहितीपत्रकात एकाच प्लेटमधील (नमुने घालायच्या खाचांच्या तबकडीतील) तफावत साधारण 10 टक्क्यांच्या आत, वेगवेगळ्या प्लेटमधील 15 टक्क्यांच्या आत आणि नमुन्यात मिसळलेल्या प्रमाणित प्रथिनाची परतप्राप्ती (मिसळलेल्यापैकी मोजणीत परत मिळालेला भाग) 80 ते 120 टक्के दिसली, तर ते आकडे समर्थनात उतरवावेत.

संख्येत हमखास चूक होते. 90 नमुने दुहेरी, म्हणजे प्रत्येकी दोन खाचांत, लावायचे म्हणजे 180 खाचा आणि 96 खाचांच्या दोन प्लेटमध्ये ते बसतात, असा हिशेब मी अनेक मागणीपत्रांवर पाहिला आहे. प्रत्यक्षात प्रत्येक प्लेटवर ज्ञात प्रमाणाची सात प्रमाण द्रावणे आणि एक कोरे द्रावण दुहेरी लावले की 16 खाचा जातात. दोन नियंत्रणांच्या आणखी चार वजा केल्या की 76 उरतात, म्हणजे प्लेटमागे 38 नमुने. 90 नमुन्यांना तीन प्लेट लागतात आणि त्या तिन्ही एकाच लॉटच्या (उत्पादनाच्या एकाच खेपेच्या) हव्यात, ही अट मागणीपत्रातच लिहावी. प्लेट वाचणारे यंत्र 450 नॅनोमीटर तरंगलांबीला चालते का, तेही आधी पाहून घ्यावे, कारण टीएमबी या रंग देणाऱ्या रसायनाचा निळा रंग आम्लाने थांबवल्यावर पिवळा होतो आणि तो याच तरंगलांबीवर मोजतात.

मागणीपत्रासोबत मंजुरीपत्राची प्रत, निधीची उपलब्धता, नैतिकता समितीचे पत्र, तांत्रिक समर्थन, किटचे माहितीपत्रक आणि कोटेशन जोडावे. पुढचा मार्ग रकमेवर ठरतो. केंद्राच्या वैज्ञानिक संस्थांसाठी जून 2025 मध्ये मर्यादा वाढल्या: कोटेशनशिवाय थेट खरेदी दोन लाख रुपयांपर्यंत आणि खरेदी समितीमार्फत 25 लाखांपर्यंत करता येते, तसेच जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेरून घेण्याची मुभा संस्थाप्रमुख देऊ शकतात. राज्य अनुदानित महाविद्यालयांना राज्याचे खरेदी धोरण लागू असल्याने त्यांनी या आकड्यांवर विसंबू नये. एकाच कंपनीचे किट हवे असेल तर वित्तीय नियमावलीतील नियम 166 नुसार प्रोप्रायटरी प्रमाणपत्र, म्हणजे दुसरे किट का चालणार नाही याचे प्रमाणपत्र, द्यावे लागते. त्यात ‘आम्ही नेहमी हेच वापरतो’ एवढे लिहिणे पुरत नाही. आधीचे निम्मे नमुने याच किटवर मोजले आहेत आणि किट बदलल्यास आकड्यांची तुलना होणार नाही, हे कारण टिकते. विक्रेत्याचे अधिकृत वितरक असल्याचे उत्पादकाचे पत्रही लागते. ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेल्या किटवरील निकाल रुग्णाच्या निदानासाठी देता येत नाहीत, त्यामुळे मागणीपत्रात ‘तपासणी’ हा शब्द जपून वापरावा.

पुरवठा आदेशावर ‘सोमवार ते गुरुवार, दुपारी चारपूर्वी पोहोच’ असे लिहून घ्यावे. मागे एका जुलैमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पाण्यातून उशिरा आलेला थर्माकोलचा खोका आमच्याकडे फाटकावरच्या टेबलावर सोमवारपर्यंत राहिला. उघडला तेव्हा बर्फाच्या पिशव्या कोमट झाल्या होत्या आणि 2 ते 8 अंशांत ठेवायचे किट पावतीवर ‘सुस्थितीत प्राप्त’ म्हणून नोंदले गेले होते. आता भांडारात खोका उघडताना आतले तापमान, लॉट क्रमांक आणि मुदत पावतीवर लिहिल्याखेरीज बिल लेखा विभागाकडे जात नाही.